सुट्या भागाचें नांव

पुण्यासारख्या शहरांतील एखाद्या मोठ्या गृहसंकुलाच्या वाहनतळांत सहज फेरी मारली, तर एका तरी कोपऱ्यांत, खांबाच्या आड, जुन्या चादरीखालीं झांकलेली एक मोटरसायकल दृष्टीस पडते. चादरीवर धुळीचा थर असतो, टायरांतील हवा केव्हांच गेलेली असते, आणि आरशाच्या दांडीला कोळ्यानें आपलें जाळें बांधलेलें असतें. गाडी मोडलेली नसते. ती नुसती थांबलेली असते. समजा, २०१२ सालीं घरांतल्या मुलानें ती हौसेनें घेतली. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड यांच्या पायथ्यापर्यंतच्या खडकाळ वाटा तिनें तुडविल्या. पुढें मुलगा नोकरीनिमित्त परगांवीं गेला आणि गाडी कोपऱ्यांत गेली. आतां धाकटी बहीण ती चालवूं म्हणते. वडील नाक्यावरच्या मिस्त्रीला बोलावून आणतात. तो दहा-पांच किका मारतो, मान हालवितो आणि म्हणतो, “साहेब, ह्या गाडीचे पार्ट आतां मिळत नाहींत. देऊन टाका.” दुसऱ्या दिवशीं भंगारवाला येतो, गाडीकडे न पाहतां तिच्या वजनाकडे पाहतो आणि किंमत सांगतो.

ह्या घरांत त्या संध्याकाळीं व्हावयाचा निर्णय तसा लहान आहे. पण असे निर्णय गांवोगांव होत असतात, आणि त्यांपैकीं पुष्कळांच्या बुडाशीं ‘पार्ट मिळत नाहींत’ हें एकच वाक्य असतें. तें उच्चारणारा मिस्त्री खोटें बोलत नसतो. त्यानें ओळखीच्या दुकानांत गाडीचें नांव सांगून चौकशी केलेली असते, आणि दुकानदारानें नकार दिलेला असतो. परंतु गाडीचें नांव म्हणजे भागाचें नांव नव्हे. भाग मिळत नाहीं याचा अर्थ बहुतेक वेळां एवढाच असतो कीं, शोधणाऱ्याला त्या भागाचें खरें नांव ठाऊक नसतें. तें नांव कोठें वाचावें आणि कोणत्या दुकानांत सांगावें, एवढें ज्याला कळलें त्यानें जुन्या गाडीची अर्धी दुरुस्ती केली असें समजावें.

प्रथम ही गाडी कोणत्या कुळांतली तें पाहिलें पाहिजे. सडकेवर चालावी आणि सडक संपली तरी अडूं नये, अशा हलक्या, उंच आणि मऊ स्प्रिंगांच्या मोटरसायकलीला ‘ड्युअल-स्पोर्ट’ असें म्हणतात. जपानी कारखानदारांनीं हा प्रकार जगांत रूढ केला. यामाहाची २४६ घनसेंटिमीटरची डीटी-१ ही गाडी १९६८ सालीं अमेरिकेच्या बाजारांत आली, आणि तिच्या खपानें इतर कारखान्यांचे डोळे उघडले. १९७२ सालीं होंडानें आपली चार झडपांची एक्सएल-२५० काढली. भारतांत ह्या जातीची लहान गाडी सामान्य ग्राहकाच्या आवाक्यांत आली ती बऱ्याच उशिरां. हीरो आणि होंडा यांची १९८४ पासूनची भागीदारी नुकतीच संपुष्टांत आली असतां, २०११ सालीं हीरो मोटोकॉर्पनें ‘इम्पल्स’ ही गाडी पुढें आणली. ब्राझीलमध्यें खपणाऱ्या होंडाच्या एनएक्सआर १५० ब्रोस ह्या गाडीवर तिची ठेवण बेतलेली होती. १४९.२ घनसेंटिमीटरचें, हवेनें थंड होणारें इंजिन. सुमारें १३४ किलो वजन. जमिनीपासून २४५ मिलिमीटर उंच पोट. पुढचें चाक १९ इंची, मागचें १७ इंची, आणि दोन्ही चाकें तारेच्या आऱ्यांचीं. गाडी गुणी होती, पण खप बेताचा झाला. कांहीं वर्षांनीं तिचें उत्पादन थांबलें, आणि २०१९ सालीं त्याच कारखान्यानें एक्सपल्स २०० ही निराळी गाडी बाजारांत आणली. थोडी खपलेली गाडी जुनी झाली म्हणजे तिचे भाग दुकानदार फळीवर मांडून ठेवीत नाहीं. त्यांत कोणाचा दोष नाहीं; तो व्यापाराचा धर्मच आहे.

वर कल्पिलेल्या घरांतील गाडी ह्याच जातीची आहे असें समजूं या. आतां भाग शोधण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावयास हवा: गाडीला खरोखरच नवा भाग हवा आहे काय? पेट्रोलवर चालणाऱ्या साध्या इंजिनाला तीनच गोष्टी लागतात. योग्य वेळीं ठिणगी, योग्य प्रमाणांत पेट्रोल आणि हवा, आणि सिलिंडरांत पुरेसा दाब. ठिणगीचा प्लग काढून, तो त्याच्या टोपणांत बसवून, इंजिनाच्या धातूला टेकवून किक मारली कीं ठिणगी पडते कीं नाहीं तें दिसतें. मात्र हें करतांना जवळ पेट्रोल सांडलेलें नाहीं आणि प्लगाचें भोंक झांकलेलें आहे, ह्याची खात्री करून घ्यावी. पुढें टोपण काढून ठेवून, प्लगाच्या भोंकावर अंगठा दाबून किक मारली असतां अंगठा जोरानें बाहेर लोटला गेला, तर दाबहि ठीक आहे असें धरून चालावें. ह्या दोन्ही परीक्षांत गाडी उतरली, तर राहिलें तें पेट्रोल. आणि वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या गाडीचें दुखणें बहुधा तेथेंच असतें.

पेट्रोल उडून जातें, पण जातांना आपल्या मागें एक चिकट, पिवळसर राळ ठेवून जातें. कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटींत ही राळ बसते, आणि तेथील सर्वांत बारीक छिद्र, म्हणजे इंजिन मंद गतीनें चालत असतां त्याला पेट्रोल पुरविणारें ‘पायलट जेट’, बुजून जातें. ह्याचें लक्षण ठरलेलें आहे. चोक ओढला असतां गाडी सुरू होते आणि चोक सोडला कीं बंद पडते. त्यांत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. सध्यां भारतांत विकल्या जाणाऱ्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें; तें हवेंतील ओल शोषून घेतें, आणि तें विचारांत न घेतां बनविलेल्या जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व कडीं त्यानें लवकर खराब होऊं शकतात. म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवावयाची असल्यास वाटींतील पेट्रोल खालच्या स्क्रूनें काढून टाकावें, हा नियम घरांतील प्रत्येकानें लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

जेट साफ करतांना पोलादी सुई किंवा तार त्यांत घालूं नये. त्या छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढा असतो, आणि तो केसभर वाढला तरी जेट बिघडलें. राळ विरघळविणारा फवारा आणि दाबाची हवा, एवढेंच पुरें होतें. पेचकसाचीहि अशीच गोष्ट. जपानी वंशाच्या गाड्यांवरील अधिक-चिन्हाच्या स्क्रूंची खांच नेहमींच्या फिलिप्स पेचकसाशीं नेमकी जुळत नाहीं. जोर केला कीं पेचकस वर उसळतो आणि खांच खरवडून जाते. जपानी मापाचा पेचकस निराळा मिळतो. तो न वापरल्यामुळें ज्या स्क्रूचें डोकें गेलें, तो काढण्याच्या खटपटींत पुढें आंतल्या भागाचा जीव जातो. जुन्या गाडीचे कितीतरी भाग काळानें नव्हे, दुरुस्तीनेंच नाहींसे होतात.

इतकें करूनहि नवा भाग लागलाच, तर त्याचें नांव वाचावयास शिकलें पाहिजे. प्रत्येक गाडीचें एक सुट्या भागांचें पुस्तक असतें. त्यांत गाडी जणूं उकलून मांडलेली असते, आणि प्रत्येक खिळ्यापुढें एक क्रमांक असतो. होंडाची क्रमांक देण्याची पद्धति हीरोच्या गाड्यांनींहि चालू ठेविली. तींत क्रमांकाचे तीन तुकडे असतात. पहिले पांच आकडे हा भाग काय काम करतो तें सांगतात. १६१०० म्हणजे कार्ब्युरेटर, १३१०१ म्हणजे पिस्टन, १७९१० म्हणजे ॲक्सिलरेटरची केबल, २२८७० म्हणजे क्लचची केबल. मधला तीन अक्षरांचा किंवा आकड्यांचा तुकडा, हा भाग मुळांत कोणत्या गाडीसाठीं आंखला गेला तें सांगतो. शेवटचा तुकडा त्यांत पुढें झालेले फेरफार दाखवितो.

ह्या मधल्या तुकड्यांतच खरी किल्ली आहे. एखाद्या दुर्मिळ गाडीच्या पुस्तकांत क्लचच्या चकत्यांपुढें दुसऱ्याच एका गाडीचा संकेत छापलेला आढळला, तर त्या चकत्या मुळांत त्या दुसऱ्या गाडीच्या आहेत असें जाणावें. आणि ती गाडी लाखांनीं खपलेली असेल, तर तो भाग कोणत्याहि मोठ्या दुकानांत पडलेला असावयाचा. इम्पल्सचें इंजिन कांहीं निर्वंश नव्हे. त्याच कारखान्याच्या हंक आणि सीबीझेड एक्स्ट्रीम ह्या रस्त्यावर पदोपदीं दिसणाऱ्या गाड्यांचें इंजिनहि १४९.२ घनसेंटिमीटरचें आणि त्याच घराण्यांतलें आहे. म्हणून दुकानदाराला “इम्पल्सची अमुक वस्तु आहे का?” असें विचारण्यापेक्षां क्रमांक पुढें ठेवणें शहाणपणाचें. मात्र ‘घराणें एक’ म्हणजे ‘भाग एकच’ असें नव्हे. क्रमांक तंतोतंत जुळला तर निर्धास्तपणें घ्यावा. नुसतें साम्य असेल तर जुना भाग हातांत घेऊन, मापून, मगच पैसे मोजावे. कधीं कधीं कारखाना जुना क्रमांक रद्द करून त्याच भागाला नवा क्रमांक देतो. अशा वेळीं जुन्या क्रमांकाला ‘नाहीं’ असें उत्तर मिळालें, तरी त्याच्या जागीं कोणता क्रमांक आला एवढें विचारल्यावांचून परतूं नये.

यानंतर जे भाग येतात ते खरें पाहतां कोणत्याच कारखान्याच्या मालकीचे नसतात. चाकांतील बेरिंगाचेंच उदाहरण घ्यावें. बेरिंगाच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात आणि त्यांचा अर्थ साऱ्या जगांत एकच असतो. ६२०२ म्हणजे आंतलें भोंक १५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५ आणि रुंदी ११. ६३०२ म्हणजे भोंक तेंच, पण बाहेरचा व्यास ४२ आणि रुंदी १३. शेवटचे दोन आकडे भोंकाचें माप सांगतात: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढें त्या आकड्याची पांचपट. ६२०२ हें बेरिंग घरोघरच्या छताच्या पंख्यांतहि सर्रास असतें. ज्या वस्तूसाठीं मोटरसायकलवाला ‘मिळत नाहीं’ म्हणून हातावर हात ठेवून बसतो, तीच वस्तु पंखे दुरुस्त करणारा रोज बसवितो! फरक एवढाच कीं, चाकासाठीं दोन्ही बाजूंनीं रबरानें बंद केलेलें आणि चांगल्या नांवाचें बेरिंग घ्यावें. कारण चाकाला चिखल आणि पाणी सोसावयाचें असतें.

तेल अडविणाऱ्या सीलाचें नांवहि त्याच्या अंगावरच असतें. त्यावरील तीन आकडे म्हणजे आंतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. हीं मापें आणि तें सील कोणत्या कामाचें आहे, हें सांगितलें कीं सीलें विकणारा दुकानदार गाडीचें नांवहि विचारीत नाहीं. चेनवर ४२८ हा आकडा असला, तर पहिल्या चारावरून एका कडीपासून दुसरीपर्यंतचें अंतर चार अष्टमांश, म्हणजे अर्धा इंच, आहे असें समजावें. ५२० मध्यें तेंच पांच अष्टमांश असतें. टायराचें नांव तर इतकें मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें कीं, तें न वाचण्याचें कारण नाहीं. इम्पल्सच्या पुढच्या चाकाचा टायर ९०/९०-१९ ह्या मापाचा. रॉयल एन्फील्डच्या अनेक गाड्यांना पुढें हेंच माप लागत असल्यामुळें तो शोधण्यास फार फिरावें लागत नाहीं. नक्षी मात्र सडकेची कीं रानवाटेची, तें पाहून घ्यावें.

आतां राहिले ते भाग, जे त्या एका गाडीचेच असतात: टाकीच्या बाजूचीं प्लॅस्टिकचीं पाखें, दिव्याची चौकट, बैठक, एखादी विशिष्ट आकाराची कमान. ह्यांच्यासाठीं दोन वाटा आहेत. एक वाट बाजाराची. पुण्याची नाना पेठ, मुंबईचा चोरबाजार, दिल्लीच्या करोल बागेंतील नाईवाला गल्ली, ह्या ठिकाणीं दुकानांच्या मागच्या खोल्यांत न विकलेला जुना माल वर्षानुवर्षें पडून असतो. तेथें घाईनें जाऊं नये. हातांत जुना भाग असावा, कागदावर क्रमांक असावा आणि मनांत दुसऱ्यांदां येण्याची तयारी असावी. दुसरी वाट कारागिराची. तडकलेलें प्लॅस्टिक तापवून सांधणारे आहेत. नमुन्यावरून फायबरचें पाखें ओतणारे आहेत. बैठकीवर नवें रेक्झिन चढविणारे तर प्रत्येक पेठेंत आहेत. नमुन्याबरहुकूम क्लचची केबल करून देणारे, जाड कागदी पत्र्यावर जुनें गॅस्केट ठेवून तसेंच नवें कापणारे, लेथवर पितळेचें बुश कातून देणारे, असे हात आपल्या शहरांत अद्याप आहेत. जुनी गाडी दुरुस्त करणें म्हणजे ह्या हातांना काम देणें होय. आणि तीं कामें थांबलीं तर ते हातहि उद्यां शोधून सांपडणार नाहींत, ही गोष्ट नीट ध्यानांत घेण्यासारखी आहे.

परंतु काटकसरीलाहि एक मर्यादा असते, आणि ती मनुष्याच्या जिवाशीं येऊन थांबते. ब्रेकचे पॅड व शू, ब्रेकचें तेल, ॲक्सिलरेटरची केबल, चाकाचे आरे आणि टायर, ह्या बाबतींत जुनें, वापरलेलें किंवा अंदाजानें बनविलेलें कांहींहि चालवूं नये. ब्रेकचें तेल वापरांत नसतांनाहि ओल शोषून खराब होतें. म्हणून वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या गाडीचें तेल प्रथम बदलावें, मग ती रस्त्यावर काढावी. सिलिंडराच्या डोक्याचें गॅस्केट कागदाचें कापून चालत नाहीं. फ्रेमला तडा गेला असेल तर नाक्यावरच्या वेल्डरकडून तो सांधून घेऊन डोंगरांत जाणें हें धाडस नव्हे, अविचार आहे.

कायद्याचीहि एक बाजू आहे. भारतांत खाजगी मोटरसायकलीची नोंदणी १५ वर्षांपर्यंत चालते. पुढें गाडीची तपासणी होऊन ती ५-५ वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. २०१२ ची गाडी २०२७ सालीं ह्या उंबरठ्यावर येते. त्या वेळीं इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक नोंदणीपत्राशीं पडताळून पाहिला जातो. म्हणून स्वस्त मिळालें म्हणून दुसऱ्या गाडीचें इंजिन मुकाट्यानें बसविणें हा मार्ग नव्हे. तें बदलावयाचेंच असेल तर त्याची पावती जपून परिवहन कार्यालयांत तशी नोंद करून घ्यावी. ज्या मालाची पावती मिळत नाहीं तो कोणाच्या तरी चोरीस गेलेल्या गाडीचा असूं शकतो, हेंहि विसरूं नये.

आणि इतकें सर्व करूनहि एखादी गाडी उभी राहत नाहीं. सांगाडा वांकलेला असतो, किंवा आंतला गिअर तुटून त्यानें इंजिनाचें कवचच फोडलेलें असतें. अशा वेळीं हट्ट सोडावा. परंतु तेव्हांहि भंगाराचा तराजू हा शेवटचा उपाय होय. त्या गाडीचें दिव्याचें घर, तिचीं पाखें, तिची बैठक, तिचीं चाकें, हीं दुसऱ्या कोणाच्या तरी थांबलेल्या गाडीला हवीं असतात. तिची नोंदणी रीतसर रद्द करून घेऊन तीं देऊन टाकलीं, तर एका गाडीच्या मरणांत दुसरीचें जगणें साधतें. थोडी खपलेली गाडी चालविणाऱ्या लोकांनीं एकमेकांची ओळख ठेवावी ती ह्याचसाठीं.

आतां पुन्हां त्या वाहनतळाच्या कोपऱ्याकडे वळावें. भंगारवाल्याला वडिलांनीं एक महिना थांबावयास सांगितलें आहे असें समजावें. रविवारीं बाप-लेक चादर काढतात. ठिणगी पडते, अंगठा बाहेर लोटला जातो, कार्ब्युरेटरची वाटी उघडल्यावर तळाशीं ती पिवळी राळ दिसते. जेट धुऊन निघतें. पेट्रोलची नळी, वाटीचें रबरी कडें, बॅटरी, ब्रेकचें तेल आणि टायर, एवढें नवें लागतें. पुढच्या चाकाचीं बेरिंगें खरखरतात, तीं काढून त्यांवरचे आकडे मुलगी वहींत लिहून घेते. बेरिंग विकणारा दुकानदार कोणती गाडी तें विचारीत नाहीं. तो वहींतला आकडा वाचतो आणि मागच्या फळीवरून एक लहान डबी काढून पुढें ठेवतो.

ती वही हीच ह्या सर्व खटाटोपाची खरी कमाई आहे. प्रत्येक बदललेल्या भागाचा क्रमांक, माप, दुकान आणि तारीख तींत असावी. गाडी घरांतून कधीं ना कधीं जाईलच. ती विकली गेली तर तिच्याबरोबर वहीहि द्यावी. पुढच्या मालकाला जेव्हां कोणी “ह्या गाडीचे पार्ट मिळत नाहींत” असें सांगेल, तेव्हां त्यानें वही उघडावी आणि वाद न घालतां, हव्या असलेल्या भागाचें नांव वाचून दाखवावें.